डावी काकी

९ जानेवारी १९८४, सोमवार

ह्यांनी न विचारता पाहुणा आणला! हॉस्पिटलमधून थेट घरी, गाडीच्या मागच्या सीटवर आडवा टाकून. "सुहास, गेस्टरूम रिकामीच असते ना?" — असते! म्हणून काय कुणालाही आणून निजवायचं? हाडांचा डॉक्टर नवरा केला तेव्हा वाटलं होतं, हाडं हॉस्पिटलातच राहतील.

मुलगा फुटबॉल खेळतो. आपल्याकडचा मैदानातला नव्हे — इथे अमेरिकेत आइस हॉकीच्या रिंकवर कार्पेट अंथरतात, चारी बाजूंनी फळ्या असतात, तो इनडोअर. शुक्रवारच्या मॅचमध्ये फळीवर आपटला आणि डाव्या गुडघ्यातली गादी फाटली. ह्यांनीच ऑपरेशन केलं. क्लबने दिलेलं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बघायला कोणी नाही. "दोन आठवडे गं फक्त." ह्यांचे दोन आठवडे मला चांगले माहीत आहेत.

इंडोनेशियाचा आहे, सुराबायाचा. नाव बीमो. म्हणजे आपला भीम! तिकडे मुसलमानांतही अशी नावं असतात म्हणे. भीम कसला, अंगाने नुसती काडी. सव्वीस-सत्तावीसचा असेल. इंग्रजी येत नाही म्हटलं तरी चालेल. वरणभात नेला तर हात जोडून नको म्हणाला. आवडला नसेल. नसेल तर नसेल.

१० जानेवारी

सकाळी चहा घेऊन गेले. पोरगा पलंगावर उठून बसायच्या खटपटीत, चेहरा पिळवटलेला. मला बघितलं आणि म्हणाला — "काकी!"

ट्रे हातातून पडलाच असता. "काकी... काकी साकित..." दोनदा, तीनदा. डोळ्यांत पाणी.

ह्यांनी शिकवलं असणार. साकित म्हणजे बहुतेक प्लीज. टेक्सासमधल्या ह्या अर्विंगमध्ये मी सगळ्यांची काकू, महाराष्ट्र मंडळातल्या पद्मजाच्या मुलांची आँटी, पोस्टमनची मिसेस के. काकी मला जगात एकाच माणसाने म्हटलं. त्यालाही सोळा वर्षं झाली.

शिरा केला. तूप सढळ हाताने.

१२ जानेवारी, गुरुवार

आज माझा उपास. खिचडीची ताटली दाखवून खुणा केल्या — मी, आज, जेवण नाही. त्याचा चेहरा उजळला! "पुआसा! मी टू! मंडे, थर्सडे!" म्हणून सोमवारी वरणभात नको होता तर. सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. मी साबुदाण्यावर ताव मारून वर उपास म्हणते, ह्याची लाजच वाटली. हे ओरडले — ऑपरेशन झालेल्या माणसाने कसला उपास! दोघांनीही ऐकलं नाही. संध्याकाळी बरोबर सोडला. शेंगदाण्याची चटणी भातावर घालून खातो, वाटीच्या वाटी.

दिवसातून दहा वेळा काकी म्हणतो. दहा वेळा धावते. दमत नाही!

१३ जानेवारी

श्रीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ह्या पोराने हाक मारली आणि सगळं वर आलं.

श्रीराम — माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. जाऊबाई गेल्या तेव्हा दोन वर्षांचा. नऊ वर्षं माझ्या कुशीत निजला. घरात सगळे 'काकू म्हण' म्हणून मागे लागायचे, हा शेजारच्या पोरांचं ऐकून काकी म्हणायचा. मिरजेतली अख्खी गल्ली ऐकेल असं — काकीऽऽ!

अडुसष्ट साली आम्ही इकडे यायला निघालो. पोर आकांत करेल, गुपचूप निघा, असं सगळ्यांचं मत. मीही मान डोलावली! तो ओट्यावर गोट्या खेळत होता. म्हटलं, "श्री, सांगलीला जाऊन येते हं." वर न बघता म्हणाला, "येताना भडंग आण." म्हटलं, "आणते."

आपल्यात कोणी 'जाते' म्हणतं का? 'येते'च म्हणतात. सोळा वर्षं मी ह्या एका शब्दाच्या आडोशाला बसले आहे.

तीन दिवस ओट्यावरून हलला नाही म्हणे. भावोजींनी पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मी फाडून टाकलं. वर्षभरात बोलावून घेऊ म्हटलं, तर भावोजी म्हणाले, एकुलता एक, कसा पाठवू? बरोबरच आहे त्यांचं. चौऱ्याहत्तरला आम्ही गेलो तेव्हा सतरा वर्षांचा झाला होता, मिसरूड फुटलेलं. दारात उभा राहून आत ओरडला, "बाबा, काका-काकू आलेत." काकू! शेजारणीला म्हणतात तसं.

आता कोल्हापुरात आहे. टेलिफोन खात्यात. टेलिफोन खात्यात! आणि मला एक फोन नाही.

१६ जानेवारी

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं!

हे गुडघा तपासायला त्याच्या खोलीत गेले. मी दारात उभी. ह्यांनी विचारलं, "हाउ इज काकी टुडे?" मी म्हटलं, "मी बरी आहे, त्याचं बघा आधी." हे माझ्याकडे बघतच राहिले. मग जे हसत सुटले ते खुर्चीतच कोसळले. "अगं, काकी म्हणजे पाय! त्यांच्या भाषेत पाय! साकित म्हणजे दुखतोय!"

१७ जानेवारी

स्वयंपाक केला. कुणाशी बोलले नाही. आठ दिवस मी एका पायाला शिरा खाऊ घातला!

१९ जानेवारी, गुरुवार

ह्यांनी त्याला सगळं सांगितलेलं दिसतं. उपास सोडायच्या वेळी कुबड्या टेकत किचनमध्ये आला. मी पाठ करून उभी. त्याने कुबडीने ओट्याला टकटक केलं. उजव्या पायाला हात लावला — "काकी." डाव्याला — "काकी." मग बोट माझ्याकडे — "काकी. मी, थ्री काकी!" डावा बॅड, उजवा ओके, आणि तिसरी नंबर वन म्हणे!

हसायचं नव्हतं. हसले. मग पदराने डोळे पुसत त्याला वाढलं.

आता आमचा खेळच झाला आहे. तो खोलीतून ओरडतो, "काकी!" मी इथून, "कीरी का कानान?" — म्हणजे डावी की उजवी. मी हवी असले तर ओरडतो, "थर्ड!"

२८ जानेवारी

आज त्याने कात्रणांची वही दाखवली. सोळाव्या वर्षी सुराबायाच्या क्लबात, अठराव्या वर्षी देशाच्या ज्युनियर टीमचा कॅम्प, मग एक वर्ष हाँगकाँगला. अमेरिकेची एक टीम त्यांच्याकडे खेळायला गेली, तेव्हा ह्याने त्यांना दोन गोल मारले. दोन्ही डाव्या पायाने! फोटोत तो हवेत आहे, पाय छातीच्या वर. त्यांच्या कोचने तिथल्या तिथे बोलावलं. हा दुसरा सीझन, करार एवढ्यापुरताच. ३१ मार्चला शेवटची मॅच. तोवर मैदानात उतरला नाही तर संपलं.

वहीच्या शेवटच्या पानावर एक लहान मुलगी. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. राती, वय वर्षं पाच.

"शी थिंक आय गो ट्रेनिंग," म्हणाला.

प्रॅक्टिसला! दीड वर्ष झालं!

"शी स्लीप. आय गो. नो क्राय."

मी गॅस बंद केला आणि त्याच्यावर ओरडले. मराठीत! अरे, काय समजतोस तू, मुलं रडत नाहीत? दाराकडे बघत बसतात! दीड वर्ष बघत असेल ती! तू शहाणा, तुझी बायको शहाणी, आम्ही सगळेच शहाणे! घसा बसेपर्यंत ओरडले. त्याला एक शब्द कळला नसेल. पण मान खाली घालून ऐकत होता. मग मी खाली बसले आणि इंग्रजीत, हातवारे करून, त्याला श्रीचं सगळं सांगितलं. सांगलीसुद्धा. मिरजेपासून सांगली किती लांब हे दाखवायला मिठाची आणि साखरेची बरणी शेजारी शेजारी ठेवली.

त्याने दोन बरण्यांमध्ये एक बोट ठेवून पाहिलं.

३० जानेवारी

ह्यांचा टेपरेकॉर्डर दिला त्याला. रातीसाठी कॅसेट भरली. मी बाहेर थांबले होते, पण रडणं ऐकायला भाषा लागत नाही. बाहेर आला आणि दुसरी, कोरी कॅसेट माझ्या हातात ठेवली. "काकी, नाऊ यू."

मी ती किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकली, डब्यांच्या झाकणांखाली.

११ फेब्रुवारी

दोन आठवड्यांचे पाच झाले! कुबड्या गेल्या. जिना उतरतो, अंगणात टेनिस बॉल उडवतो — माझ्या पायावर टाकतो, मला परत टाकता येत नाही. पद्मजाचा फोन. "अगं, अजून आहे तो तुमच्याकडे? मंडळात विचारतायत लोक." म्हटलं, "विचारू देत. सांग त्यांना, माझा पाय आहे तो." तिला काही कळलं नाही. फोन ठेवून एकटीच हसले.

१४ फेब्रुवारी

देवा, त्याचा पाय बरा होऊ दे. पण सावकाश.

२ मार्च

काल पहिल्यांदा प्रॅक्टिसला पळाला. आज गुडघ्याचा भोपळा झाला आहे. बर्फ लावून पडला आहे. हाक मारत नाही.

सावकाश म्हटलं होतं मी! मीच! बरा झाला की जाईल म्हणून. कसली बाई आहे मी? एकाला सोडून आले आणि दुसऱ्याला लंगडा करून ठेवते आहे.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "देवाला तुझ्याशिवाय दुसरं काम नाही का?" पण हसले नाहीत. मग दार लोटून घेतलं. "सुहास, गुडघा चालेल. चालेल म्हणजे चालायला, जिना चढायला. त्याच्या खेळाचा वेग आता येणार नाही. एवढ्यात त्याला बोलू नकोस."

३ मार्च

तो विचारतो, "काकी गुड? काकी प्ले?" मी म्हणते, "गुड, गुड."

पुन्हा एका मुलाला मी सांगलीला जाऊन येते म्हणते आहे.

५ मार्च, सोमवार

सांगून टाकलं. उपास सोडल्यावर, चहा घेताना. ह्यांना न विचारता! "बीमो, कीरी विल वॉक. कीरी विल नॉट रन. नॉट लाइक बिफोर." हे रागावतील तर रागावोत.

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "आय नो. माय काकी, आय नो." माहीत होतं त्याला! रोज मला का विचारायचा मग? कोणी तरी खरं सांगतं का ते बघत होता की काय?

मग बोटांवर मोजून दाखवलं. "राती थिंक ट्रेनिंग. ट्रेनिंग, देन मॅच. देन होम." प्रॅक्टिसला जातो म्हणून निघाला होता. एक मॅच झाली की त्याचं ते वाक्य खरं होईल. मग घरी.

चटणी पुढे सरकवली.

२० मार्च

हे आणि तो सकाळी सहाला अंगणात. व्यायाम. मोजतायत दोघं, एक मराठीत, एक त्याच्या भाषेत. ह्यांनी शनिवारचं ब्रिज कॅन्सल केलं! चक्क!

देवा, आता सावकाश नको.

१ एप्रिल, रविवार

काल मॅच झाली. आयुष्यात पहिल्यांदा स्टेडियमात गेले. केवढा गोंगाट तो! दिवे विझवून, धूर सोडून एकेका खेळाडूला पळत आणतात, लग्नात नवरदेव आणतात त्याच्यावर कडी. पद्मजालाही ओढून नेलं होतं.

तीन क्वार्टर बाकावर बसून होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये सहा मिनिटं उरली आणि कोचने त्याच्या खांद्यावर थाप मारली. फळी ओलांडून आत उतरला. मी उठून उभी राहिले ती बसलेच नाही. "काकी! काकी!" ओरडत होते, मीच! शेजारची टेक्सन बाई म्हणाली, "इज दॅट युअर सन, हनी?" मी म्हटलं, "येस."

पद्मजाने माझ्याकडे बघितलं.

दोन मिनिटं उरली असताना बॉल फळीवर आपटून त्याच्या पुढ्यात आला. अगदी डाव्या पायावर. समोर फक्त गोलकीपर. कात्रणातल्या फोटोसारखा पाय वर गेला पाहिजे — आणि तो थांबला. एक क्षण. डावा टेकला, उजव्याने मारला. बाहेर गेला. लोक हळहळले आणि पॉपकॉर्न खायला लागले. हे हळूच म्हणाले, "गुडघा नाही गं थांबला. तो थांबला."

येताना गाडीत अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला, "मॅच, फिनिश." रडतोय की काय म्हणून वळून पाहिलं. खिडकीतून बाहेर बघत होता. रस्त्याकडेला निळी फुलं नुसती दाटली आहेत, ह्या दिवसांत इथे येतात ती.

६ एप्रिल

उद्या जाणार. क्लबची व्हॅन पहाटे पाचला. बॅगेत चटणीचे चार डबे भरले, रातीला खणाचा फ्रॉक शिवला. आजच निरोप घेऊन टाकला. त्याला म्हटलं, "बीमो, गो क्वाएटली. डोन्ट वेक मी." मला जमणार नाही. सरळ सांगितलं.

७ एप्रिल, शनिवार

ऐकलं नाही! साडेचारला दारावर टकटक. हे उठले, मी उठले. दारात उभा, भांग पाडलेला, बूट काढून. म्हणाला, "काकी, पामित."

म्हणजे काय? मोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं. मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय, समोर उभं राहिल्याशिवाय घरातून जायचं नसतं. त्याला त्यांच्यात पामित म्हणतात. "राती, नो पामित. वेरी बॅड. यू, आय पामित." मग वाकला, माझा हात कपाळाला लावला.

मी त्याला सांगणार होते — जातो म्हणू नये, येतो म्हण. तोंडाशी आलं होतं. गिळलं. म्हटलं, "जातो म्हण. खरं ते म्हण."

"जातो, काकी," म्हणाला. अगदी स्वच्छ.

व्हॅन वळेपर्यंत उभी होते. रडले. पण ह्या वेळी कोणी कुणाला फसवलं नाही.

८ एप्रिल

ड्रॉवर उघडला. कॅसेट काढली. आधी वीस मिनिटं इथली हवा, ह्यांचं ब्लडप्रेशर आणि श्रीखंडाला इथे चक्का कसा करतात ते बोलले! ऐकलं, सगळं पुसलं. मग एवढंच:

"श्री, मी काकी बोलते. त्या दिवशी मी सांगलीला गेलेच नव्हते. मला माहीत होतं, मी येणार नाही. तुला फसवून गेले. तू रडशील म्हणून नाही रे — तू रडलास तर माझा पाय निघायचा नाही म्हणून. तू ओट्यावर बसून होतास ते मला कळलं होतं, तरी पत्रात कधी एक शब्द लिहिला नाही. भडंगाचं कबूल करून गेले होते. तू मला काकू म्हणतोस ते बरोबर आहे. पण मला फार वाईट वाटतं रे."

नंतरची टेप कोरीच फिरली. बंद करायचं सुचलं नाही.

९ एप्रिल

पोस्ट केली. पाकिटावरचा कोल्हापूरचा पत्ता तीनदा वाचून पाहिला.

२२ एप्रिल

फोन! समुद्रातून यावा तसा आवाज. "काकी!" मी ओरडले, "कीरी, कानान?" — "थर्ड! थर्ड!" एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवतो आहे. राती दोन दिवस जवळच आली नाही, पडद्यामागून बघायची. तिसऱ्या दिवशी येऊन मांडीवर बसली. "कीरी!" म्हणाला. डाव्या मांडीवर! खणाचा फ्रॉक काढतच नाही म्हणे.

म्हणाला, "श्री? फोन?"

म्हटलं, "नो. नॉट येट."

५ मे

पोस्टमनने आज स्वतःहून सांगितलं, "नथिंग फ्रॉम इंडिया, मिसेस के." मी विचारलं होतं का त्याला?

१२ मे

कॅसेट मिळाली असणार. महिना होऊन गेला. ऐकून ठेवून दिली असेल. किंवा ऐकली नसेल. हे म्हणतात, "तू तुझं केलंस." हो. केलं. पण माझं केलं म्हणून थोडंच थांबतं ते? सकाळी उठते आणि आधी फोनकडे बघते.

१७ मे, गुरुवार

सकाळी आठला फोन. खरखर, मग लांबून — "काकी?"

आला माझा भीम! हसतच विचारलं, "कीरी, कानान, का थर्ड?"

नुसती खरखर. वाटलं, लाइन तुटली. "हॅलो? बीमो?"

आणि मग मराठीत, मी कधी न ऐकलेल्या जाड पुरुषी आवाजात —

"काकी, भडंग आणलंस का गं?"